विमानाचे तिकीट पानिपतपर्यंत का मिळत नाही? रेल्वे स्थानके आणि बसथांब्यांना मिळणाऱ्या ‘विमानतळ संकेतां’विषयी

पानिपत : पुण्याहून पानिपतला येणाऱ्या प्रवाशाला सहसा दोन स्वतंत्र तिकिटे काढावी लागतात. विमानाच्या तिकिटावर ‘पीएनक्यू’ ते ‘डीईएल’ असा प्रवास छापलेला असतो, तर रेल्वेच्या तिकिटावर ‘एनडीएलएस’ ते ‘पीएनपी’ असा. पुणे, दिल्ली, नवी दिल्ली आणि पानिपत यांची ही संकेताक्षरे दिसायला एकाच कुळातील वाटतात. प्रत्यक्षात ती दोन वेगळ्या व्यवस्थांची आहेत आणि या व्यवस्थांचा परस्परांशी काहीही संबंध नाही. विमान उशिरा पोहोचले आणि पानिपतची गाडी निघून गेली, तर त्या नुकसानीची जबाबदारी विमान कंपनी घेत नाही आणि रेल्वेही घेत नाही.

जगातील काही देशांत मात्र विमानाचे तिकीट थेट रेल्वे स्थानकापर्यंत किंवा बसथांब्यापर्यंत काढता येते. त्यासाठी त्या स्थानकाला किंवा थांब्याला विमानतळासारखा तीन अक्षरी संकेत दिलेला असतो. जिथे धावपट्टी नाही, विमान कधी उतरलेले नाही आणि उतरणारही नाही, अशा ठिकाणांना विमानतळाचा संकेत का दिला जातो, त्यातून प्रवाशाला नेमके काय मिळते आणि दिल्लीपासून सुमारे ९० किलोमीटरवर असलेल्या, विमानतळ नसलेल्या पानिपतसारख्या शहराला त्याचे महत्त्व काय, हे समजून घेण्यासारखे आहे.

संकेत कोण देते?

विमान प्रवासात वापरले जाणारे तीन अक्षरी संकेत आंतरराष्ट्रीय हवाई वाहतूक संघटना, म्हणजे ‘आयाटा’, देते. ही विमान कंपन्यांची संघटना असून तिचे मुख्यालय कॅनडातील मॉन्ट्रियल येथे आहे. मुंबईचा ‘बीओएम’, नागपूरचा ‘एनएजी’, छत्रपती संभाजीनगरचा ‘आयएक्सयू’, बेळगावचा ‘आयएक्सजी’ आणि शिर्डीचा ‘एसएजी’ हे संकेत याच व्यवस्थेतील आहेत. गोव्यात दाबोळीचा संकेत ‘जीओआय’ आहे, तर मोपा येथील नव्या विमानतळाचा ‘जीओएक्स’.

इंग्रजीच्या २६ अक्षरांपासून तीन अक्षरांच्या एकूण १७,५७६ जोडण्या होतात. जगभरातील विमानतळ, एकाहून अधिक विमानतळ असलेल्या महानगरांचे सामायिक संकेत आणि विमान प्रवासाशी जोडलेली रेल्वे व बस स्थानके या सर्वांना एवढ्यातच सामावून घ्यावे लागते. सोपी आणि नावाशी जुळणारी अक्षरे बहुतांशी पूर्वीच वाटली गेली आहेत. त्यामुळे नंतर आलेल्या रेल्वे स्थानकांच्या आणि बसथांब्यांच्या वाट्याला अनेकदा ‘क्यू’, ‘एक्स’ किंवा ‘झेड’ या अक्षरांनी सुरू होणारे संकेत येतात. जर्मनीतील कोलोनच्या मुख्य रेल्वे स्थानकाचा संकेत ‘क्यूकेएल’ आहे आणि स्टुटगार्टच्या स्थानकाचा ‘झेडडब्ल्यूएस’. ब्रुसेल्सच्या मिडी स्थानकाला ‘झेडवायआर’, पॅरिसच्या गार द्यू नोर स्थानकाला ‘एक्सपीजी’ आणि लंडनच्या सेंट पँक्रास स्थानकाला ‘क्यूक्यूएस’ हा संकेत आहे. दुबईतील एका बसथांब्याचा संकेत ‘एक्सएनबी’ असा आहे.

रेल्वेची अक्षरे वेगळी

भारतीय रेल्वेची संकेताक्षरे या व्यवस्थेत मोडत नाहीत. त्यांची परंपरा तारयंत्राच्या काळापासूनची आहे. स्थानकांमधील निरोप थोडक्यात पाठवता यावेत, म्हणून प्रत्येक स्थानकाचे नाव आखूड करण्यात आले. त्यांची लांबीही एकसारखी नाही. जालन्याचे संकेताक्षर केवळ ‘जे’ आहे आणि गोंदियाचे केवळ ‘जी’, तर पुण्याचे चार अक्षरांचे आहे.

दोन्ही व्यवस्था एकमेकींना न विचारता वाढल्याने त्यांत गमतीदार टकरी झाल्या आहेत. पानिपत जंक्शनचा ‘पीएनपी’ हा विमान कंपन्यांच्या दप्तरी पापुआ न्यू गिनीतील पोपोंडेटा या गावाच्या विमानतळाचा संकेत आहे. शेजारच्या कर्नालचा रेल्वे संकेत ‘केयूएन’ विमान प्रवासात लिथुआनियातील कौनास शहर दर्शवतो. सोनिपतचा ‘एसएनपी’ अलास्कातील सेंट पॉल बेटाचा आहे आणि रोहतकचा ‘आरओके’ ऑस्ट्रेलियातील रॉकहॅम्प्टनचा. जुन्या दिल्ली स्थानकाचा ‘डीएलआय’ व्हिएतनाममधील दालात शहराकडे जातो. महाराष्ट्र आणि गोव्यातही हेच आढळते. कोल्हापूरच्या रेल्वे स्थानकाचा ‘केओपी’ थायलंडमधील नाखोन फानोमचा, तर मडगावचा ‘एमएओ’ ब्राझीलमधील मानाउसचा विमानतळ संकेत आहे.

हरियाणातील हिसारचे उदाहरण घरच्या घरीच गोंधळ दाखवणारे आहे. हिसार रेल्वे स्थानकाचा संकेत ‘एचएसआर’ आहे, परंतु हिसार विमानतळाचा ‘एचएसएस’. विमान कंपन्यांच्या यादीत ‘एचएसआर’ म्हणजे गुजरातमध्ये राजकोटजवळ हिरासर येथे २०२३ मध्ये सुरू झालेला विमानतळ. त्यामुळे उद्या पानिपत स्थानकाला विमान प्रवासाचा संकेत मिळालाच, तरी तो ‘पीएनपी’ असू शकणार नाही. उरलेल्या अक्षरांतूनच त्याची निवड करावी लागेल.

दोन्ही व्यवस्थांच्या स्वभावातही फरक आहे. गावाचे नाव बदलले की रेल्वे अनेकदा संकेताक्षरही बदलते. मुघलसराय जंक्शन पंडित दीनदयाळ उपाध्याय जंक्शन झाले तेव्हा ‘एमजीएस’ जाऊन ‘डीडीयू’ आले. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसची अक्षरेही ‘सीएसटीएम’वरून ‘सीएसएमटी’ झाली. विमानतळांचे संकेत मात्र सहसा बदलत नाहीत. मुंबई हे नाव १९९५ मध्ये अधिकृत झाले, तरी विमानतळ ‘बीओएम’च राहिला. जगभरातील आरक्षण, सामान वाहतूक आणि हिशेब यांचे धागे त्या तीन अक्षरांत गुंतलेले असतात आणि ते बदलणे खर्चिक व जोखमीचे ठरते, हे त्याचे कारण.

धावपट्टी नसताना संकेत कशासाठी?

विमान कंपन्यांची आरक्षण प्रणाली प्रवास म्हणजे दोन संकेतांमधील टप्पा असे मानून चालते. ‘पीएनक्यू’ ते ‘डीईएल’ हा एक टप्पा आणि ‘डीईएल’ ते ‘आयएक्ससी’, म्हणजे चंदीगड, हा दुसरा. भाडे, वेळापत्रक, जोडप्रवासासाठी लागणारा किमान वेळ, सामानाची पट्टी आणि कंपन्यांमधील पैशांची वाटणी ही सर्व कामे याच टप्प्यांवर होतात. ज्या ठिकाणाला संकेत नाही, ते या प्रणालीच्या नकाशावर दिसत नाही आणि तिथपर्यंतचे तिकीट विकता येत नाही.

म्हणून एखाद्या विमान कंपनीला प्रवाशाला पुढे रेल्वेने किंवा बसने पोहोचवायचे असेल, तर प्रथम त्या स्थानकाला संकेत मिळवावा लागतो. त्यानंतर गाडीला उड्डाण क्रमांक दिला जातो. वेळापत्रकात विमानाचा प्रकार लिहायच्या रकान्यात बोइंग किंवा एअरबसऐवजी ‘टीआरएन’ म्हणजे रेल्वेगाडी किंवा ‘बीयूएस’ म्हणजे बस अशी नोंद होते. बोटीसाठी ‘एलसीएच’ अशी वेगळी नोंद आहे. हवाई मालवाहतुकीत तर ही पद्धत चांगलीच रुळलेली आहे. विमानाने आलेला माल पुढे ट्रकने जातो, त्या ट्रकला उड्डाण क्रमांक असतो आणि वाहनाच्या प्रकारापुढे ‘आरएफएस’ म्हणजे रस्तामार्गे जोडसेवा असे लिहिलेले असते.

रेल्वे आणि बस कंपन्यांनाही विमान कंपन्यांप्रमाणे दोन चिन्हांचे संकेत मिळतात. जर्मन रेल्वे ‘२ए’, फ्रान्सची रेल्वे ‘२सी’, अमेरिकेची अ‍ॅमट्रॅक ‘२व्ही’ आणि युरोस्टार ‘९एफ’ या संकेतांनी ओळखल्या जातात.

जर्मनीपासून दुबईपर्यंत

या कल्पनेचा एक महत्त्वाचा प्रयोग जर्मनीत झाला. लुफ्थान्सा कंपनीने १९८२ मध्ये ड्यूसलडॉर्फ आणि फ्रँकफर्ट विमानतळ यांच्यात उड्डाण क्रमांक असलेली स्वतःची रेल्वेगाडी सुरू केली. ती १९९३ पर्यंत धावली. फ्रँकफर्ट विमानतळावर लांब पल्ल्याच्या गाड्यांचे स्थानक १९९९ मध्ये सुरू झाल्यानंतर स्टुटगार्ट आणि कोलोनच्या मुख्य स्थानकांपर्यंत विमानाचे तिकीट मिळू लागले. पुढे फ्रँकफर्ट ते कोलोन या मार्गावरील विमानसेवाच बंद झाली. जर्मन रेल्वे २०२२ मध्ये ‘स्टार अलायन्स’ या विमान कंपन्यांच्या जागतिक समूहाची पहिली बिगर-विमान भागीदार झाली. एअर इंडियाही याच समूहाची सदस्य आहे.

पॅरिसच्या शार्ल द गॉल विमानतळाखाली १९९४ मध्ये वेगवान गाड्यांचे स्थानक सुरू झाले. एअर फ्रान्सने २००१ मध्ये या विमानतळावरून ब्रुसेल्सला जाणारी विमाने थांबवली आणि त्यांच्या जागी रेल्वेतील आसने विकण्यास सुरुवात केली. अडीच तासांच्या आत रेल्वेने पोहोचता येत असल्यास काही देशांतर्गत उड्डाणांना मनाई करणारा नियम फ्रान्समध्ये २०२३ मध्ये लागू झाला. अशा धोरणाने प्रवाशाची गैरसोय होऊ नये, यासाठी विमान आणि रेल्वे एका तिकिटावर येणे आवश्यक असते.

अमेरिकेत न्यूअर्क विमानतळाला रेल्वे स्थानक जोडल्यानंतर कॉन्टिनेन्टल एअरलाइन्सने फिलाडेल्फिया, विल्मिंग्टन, स्टॅमफर्ड आणि न्यू हेवन या रेल्वे स्थानकांपर्यंतची तिकिटे विकली. या चारही स्थानकांचे संकेत ‘झेड’ने सुरू होतात. अलीकडच्या काळात तेथे बसचाही वापर वाढला आहे. डेन्व्हर विमानतळावरून ब्रेकेनरिज या पर्वतीय गावाला जाणारी बस युनायटेड एअरलाइन्सच्या तिकिटावर मिळते आणि ब्रेकेनरिजचा संकेत आहे ‘क्यूकेबी’.

भारतीय प्रवाशांना या पद्धतीचा परिचय आखाती देशांतून झाला आहे. दुबई आणि अबुधाबी यांच्यातील विमान कंपन्यांच्या बस प्रवास-पत्रिकेत उड्डाणासारख्या दिसतात. एअर इंडियानेही २०२३ मध्ये ‘अ‍ॅक्सेसरेल’ या मध्यस्थ कंपनीशी करार केला. तिचा संकेत ‘९बी’ आहे. या करारामुळे युरोप आणि ब्रिटनमधील शंभरहून अधिक शहरांपर्यंत विमान आणि रेल्वे किंवा बस असा एकत्र प्रवास आरक्षित करण्याची सोय झाली. म्हणजे भारतीय विमान कंपनीच्या तिकिटावर परदेशातील रेल्वे स्थानक गाठता येते, देशातील पानिपत मात्र नाही.

प्रवाशाच्या हिताचा प्रश्न

एका तिकिटाचे खरे मोल गाडी चुकल्यावर कळते. संपूर्ण प्रवास एकाच तिकिटावर असेल आणि पहिला टप्पा उशिरा संपल्यामुळे पुढचा चुकला, तर प्रवाशाला पुढे पोहोचवण्याची सोय करणे हे तिकीट देणाऱ्या कंपनीचे काम ठरते. तिकिटे स्वतंत्र असतील तर प्रत्येक कंपनी केवळ आपल्या टप्प्यापुरती बांधील राहते. भारतात नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे नियमही जोडउड्डाणाच्या बाबतीत तिकीट एकच आहे का, हे पाहतात. विमानाला उशीर झाल्यामुळे रेल्वे चुकली, ही बाब त्यांच्या कक्षेत येत नाही.

रेल्वेने आपल्या घरापुरती ही अडचण काही अंशी सोडवली आहे. १ एप्रिल २०१९ पासून दोन जोडगाड्यांचे पीएनआर परस्परांशी संलग्न करता येतात. पहिली गाडी उशिरा पोहोचल्यामुळे दुसरी चुकली, तर न झालेल्या प्रवासाचे भाडे अटींच्या अधीन राहून परत मिळते. मुंबईहून रेल्वेने दिल्लीला येऊन पुढे पानिपतची गाडी पकडणाऱ्याला या सोयीचा लाभ घेता येतो. तोच प्रवासी विमानाने दिल्लीला आला, तर मात्र त्याला असा आधार नाही. रेल्वेचा पीएनआर दहा आकडी असतो आणि विमानाचा सहा चिन्हांचा. हे दोन क्रमांक संलग्न करण्याची सोय नाही. गाडी सुटून गेल्यावर, केवळ प्रवासी वेळेत पोहोचला नाही या कारणासाठी, निश्चित झालेल्या तिकिटाचे पैसे सहसा मिळत नाहीत.

पानिपतच्या बाबतीत हा प्रश्न हिवाळ्यात अधिक तीव्र होतो. १४ जानेवारी १७६१ रोजी येथे झालेल्या तिसऱ्या लढाईच्या स्मरणदिनी महाराष्ट्रातून अनेक जण काला अंब येथील स्मारकाला भेट देतात. हरियाणातील रोड मराठा समाजही या दिवशी तेथे जमतो. नेमका हाच काळ उत्तर भारतातील दाट धुक्याचा असतो. विमाने उशिरा उतरतात, रेल्वेगाड्या तासन्‌तास रखडतात आणि महामार्गावरील वेग मंदावतो. हातमाग, सतरंज्या, ब्लँकेट आणि वस्त्रोद्योगाच्या खरेदीसाठी येणारे व्यापारी, तसेच तेलशुद्धीकरण प्रकल्पाशी संबंधित कामासाठी येणारे तंत्रज्ञ यांनाही हीच कसरत करावी लागते.

संकेत मिळाला म्हणजे सर्व मिळाले, असे नाही

तीन अक्षरे हा केवळ पहिला टप्पा आहे. विमान अपघात, विलंब आणि सामानाचे नुकसान यांबाबत विमान कंपन्यांचे दायित्व ठरवणारा १९९९ चा मॉन्ट्रियल करार भारताला २००९ पासून लागू आहे. या करारानुसार प्रवास अंशतः विमानाने आणि अंशतः अन्य साधनाने होत असेल, तर कराराच्या तरतुदी केवळ विमानाच्या टप्प्याला लागू होतात. त्यामुळे रेल्वेच्या किंवा बसच्या टप्प्यातील हक्क हे तिकिटाच्या अटींवर आणि त्या त्या देशातील कायद्यावर अवलंबून राहतात.

सामानाचा प्रश्नही आहे. तिकीट एकच असले तरी बहुतेक ठिकाणी प्रवाशाला विमानतळावर आपले सामान ताब्यात घेऊन स्वतःच गाडीपर्यंत न्यावे लागते. याच्या उलट दिशेचा एक प्रयोग दिल्लीत झालेला आहे. नवी दिल्ली रेल्वे स्थानकाजवळून विमानतळाला जाणारी मेट्रोची एअरपोर्ट एक्स्प्रेस मार्गिका २३ फेब्रुवारी २०११ रोजी सुरू झाली. तिच्या नवी दिल्ली आणि शिवाजी स्टेडियम या स्थानकांवर काही विमान कंपन्यांच्या प्रवाशांना सामान सोपवून बोर्डिंग पास घेण्याची सोय करण्यात आली. पानिपतहून रेल्वेने नवी दिल्लीला उतरलेल्या प्रवाशाला ही सोय उपयोगाची आहे. मात्र हा चेक-इन खिडकीचा विस्तार आहे, तिकिटाचा नव्हे.

भारतापुढील अडचण मुख्यतः व्यवस्थेची आहे. रेल्वेचे आरक्षण एका सरकारी प्रणालीतून होते, विमानांचे जागतिक वितरण जाळ्यांतून आणि राज्य परिवहनाच्या बसचे प्रत्येक राज्याच्या स्वतंत्र यंत्रणेतून. गाड्यांमधील आसने आधीच अपुरी असताना विमान प्रवाशांसाठी काही आसने राखून ठेवणे रेल्वेला सोपे नाही. गाडी रखडल्यास किंवा विमान चुकल्यास खर्च कोणी सोसायचा, हेही आधी ठरवावे लागेल. बसच्या बाबतीत वाट तुलनेने मोकळी आहे. कर्नाटक राज्य परिवहनाची ‘फ्लायबस’ बेंगळुरू विमानतळावरून थेट म्हैसूरला जाते. अशा सेवेचे वेळापत्रक विमानांभोवतीच रचलेले असल्याने ती एखाद्या विमान कंपनीच्या तिकिटावर आणणे तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. आज मात्र तिचे तिकीट स्वतंत्रच काढावे लागते.

दिल्ली परिसरात नियोजित असलेले प्रादेशिक वेगवान रेल्वेचे जाळे हे चित्र बदलू शकते. ‘नमो भारत’ गाड्यांचा पहिला टप्पा २० ऑक्टोबर २०२३ रोजी साहिबाबाद ते दुहाई यादरम्यान सुरू झाला. सराय काले खानहून पानिपतमार्गे कर्नालपर्यंत जाणारी मार्गिका आणि विमानतळालगतच्या एरोसिटीवरून गुरुग्रामच्या दिशेने जाणारी मार्गिका याच आराखड्याचा भाग आहेत. दोन्ही मार्गिका सराय काले खान येथे एकत्र येणार असल्याने पानिपत आणि विमानतळ यांच्यात ठरावीक वेळेची, वारंवार धावणारी गाडी शक्य होईल. अशी खात्रीची सेवा असल्याशिवाय कोणतीही विमान कंपनी पुढील टप्प्याची हमी देण्यास तयार होत नाही, हा परदेशातील अनुभव आहे.

तूर्त प्रवाशांनी काय पाहावे?

परदेश प्रवासाच्या पत्रिकेत अनोळखी संकेत दिसला, विशेषतः तो ‘क्यू’, ‘एक्स’ किंवा ‘झेड’ने सुरू होत असेल, तर विमानाचा प्रकार लिहिलेला रकाना तपासावा. तेथे रेल्वे किंवा बस असे नमूद असल्यास गाडी कोणत्या फलाटावरून किंवा थांब्यावरून सुटते, सामान कोठे घ्यायचे आणि वेगळा प्रवेश-पास लागतो का, हे आधीच विचारून घ्यावे. परतीचा प्रवास रेल्वे स्थानकापासून सुरू होत असेल, तर तो टप्पा परस्पर वगळू नये. पहिला टप्पा न वापरल्यास प्रवासी आलाच नाही, असे समजून पुढील विमानाचे आरक्षणही रद्द होऊ शकते.

देशात दोन तिकिटांवर प्रवास करताना विमान उतरण्याची आणि रेल्वे सुटण्याची वेळ यांत पुरेसे अंतर ठेवणे हाच सध्याचा उपाय आहे. दिल्ली विमानतळावरून मेट्रोने नवी दिल्ली गाठण्यास सुमारे २० मिनिटे लागत असली, तरी सामान मिळणे, सुरक्षा तपासणी आणि स्थानकावरील गर्दी यांचा वेळ त्यात धरलेला नसतो. डिसेंबर आणि जानेवारीत हे अंतर आणखी वाढवावे. शक्य असल्यास आदल्या दिवशी दिल्लीत पोहोचणे श्रेयस्कर. गाडी चुकलीच, तर दिल्लीच्या काश्मिरी गेट आंतरराज्य बस स्थानकावरून पानिपतमार्गे जाणाऱ्या बस मिळतात. त्या बसचे तिकीट मात्र प्रवाशाला स्वतःच्याच खर्चाने काढावे लागते.